गोव्याच्या ओलीत उभी राहिलेली फियाट पुन्हा रस्त्यावर आणताना

सोलापुरात दहा वर्षं उभी राहिलेली गाडी आणि फोंड्यात किंवा म्हापशात दहा वर्षं उभी राहिलेली गाडी, दोन्ही एकाच वर्षी बनलेल्या असल्या तरी काम वेगळं निघतं. तिकडे रबर कडकतं, रंग उन्हानं उडतो, पण पत्रा बराचसा शाबूत राहतो. इथे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारं वारं. त्यात गाडी चिऱ्याच्या भिंतीला लागून मातीच्या जमिनीवर उभी असेल तर ओल खालून वर चढते, आणि वरून ताडपत्री घातलेली असेल तर ती ओल आतच कोंडून राहते. उघड्यावर उभ्या गाडीपेक्षा ताडपत्रीखालची गाडी जास्त सडलेली निघते, याचं कारण हेच.

उदाहरणासाठी फियाट घेतली आहे, कारण गोव्यात घराच्या कडेला सगळ्यात जास्त तीच उभी दिसते. 1964 च्या 1100 डिलाइटपासून ते 2000 च्या सुमारास बंद झालेल्या पेट्रोल पद्मिनीपर्यंत (हे फियाटचंच नंतरचं नाव) इंजिन मुळात तेच, 1089 सीसीचं. चार सिलिंडर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2, चारही चाकांना ड्रम ब्रेक, वेगळी चासी नाही, बॉडीच चासी. 1961 पूर्वी थेट युरोपातून आलेली ओपेल किंवा मर्सिडीज असेल तरी कामाचा क्रम हाच राहील, फक्त पार्ट शोधायला जास्त महिने लागतील.

महिना कुठला

काम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू करा. पत्र्याचं काम डिसेंबर-जानेवारीत आणि रंग फेब्रुवारी संपण्याआधी. इंजिन, वायरिंग, सीट ही कामं छपराखालची, ती पावसाळ्यात चालतात. घासून उघडा केलेला पत्रा मात्र इथे एका रात्रीत पिवळा पडतो. जुलैत रंग मारला तर एनसी पेंट (थिनर उडून वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग) पांढरट पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. ही पांढुरकी झाक पॉलिशनं जात नाही. चतुर्थीला गाडी बाहेर काढायची म्हणून ऑगस्टमध्ये घाईनं रंगवलेल्या गाड्या पुढच्या वर्षी दाराच्या खालच्या कडेला फुगलेल्या दिसतात.

हात लावण्याआधी

टॉर्च घ्या आणि हात घालण्याआधी बघा. सीटच्या काथ्यात उंदरांचं घरटं असतंच, आणि उंदीर असतील तिथे साप येतो. बहुतेक वेळा धामण असते, पण घोणसही असू शकते. दारं उघडी टाकून गाडी दिवसभर तशीच ठेवा, मग काठीनं सीट उचला. नंतर कुंभारमाशीची मातीची घरटी शोधा. सायलेन्सरचं तोंड, टाकीची हवेची नळी, कार्बोरेटरचं तोंड, हॉर्नचा कर्णा, या तिच्या ठरलेल्या जागा. टाकीची हवेची नळी बुजलेली राहिली तर इंजिन चालू होऊन दहा मिनिटांनी बंद पडतं आणि मेकॅनिक दोन दिवस पंपाला दोष देत बसतो.

पैसे घालण्याआधी आरसी बुक काढा आणि चासी नंबर, इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचून घ्या. नंबर कोरलेल्या जागी गंज असेल तर ग्राइंडर अजिबात लावू नका. रॉकेल, मऊ पितळी ब्रश आणि चिकाटी. नंबर गेला तर पुढे आरटीओत गाडी उभी करणं फार कठीण होतं. कागद आजोबांच्या नावावर असतील तर वारसा हक्कानं नाव बदलायला फॉर्म 31 लागतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून, तपासणी करून वाढवावी लागते. 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणूनही नोंद करता येते, पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. रविवारी मडगावला मासळीला न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

पत्रा

बॉडीच चासी असल्यामुळे पत्रा हा शोभेचा प्रश्न नाही. मॅट, खालचं डांबरी कागदासारखं अस्तर सगळं उचला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आवाज आला तर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे किंवा गंजाचे पापुद्रे आहेत. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून फिरवलं की लांबी कुठे सुरू होते ते कळतं. दाराखालची पेटी, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांच्या कमानींचे (स्प्रिंगचे) हँगर, डिकीतला स्टेपनीचा खळगा, पुढच्या मडगार्डच्या आत हेडलाइटमागे साचलेली लाल माती आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड, या सहा जागा आधी. लाल माती पाणी धरून ठेवते, म्हणून मडगार्डच्या आतून एकदा हातानं ती खरवडून काढल्याशिवाय कुठलाही अंदाज सांगू नका आणि ऐकूही नका.

कमानीचा हँगर किंवा जॅकची जागा स्क्रू ड्रायव्हरनं भोसकली जात असेल तर इंजिनकडे वळण्यात अर्थ नाही. आधी ते. साध्या पॅनलला 20 गेज, भार घेणाऱ्या जागी 18 गेज सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा. गॅस वेल्डिंगनं मोठा पत्रा तापून वाकतो. मिग (विजेवर, तार पुरवत होणारं वेल्डिंग) लावा, एका वेळी इंच-दीड इंचाचा टाका मारा, लांब दुसरीकडे जा, थंड होऊ द्या. दाराखालची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी तात्पुरती जोडून घ्या. नाहीतर पेटी कापल्याबरोबर गाडी मधोमध एखाद-दोन सूत खचते आणि नव्या पेटीसकट दार कायमचं लागत नाही. ही चूक नेहमीची आहे, आणि दुरुस्त करायची म्हणजे नवी पेटी पुन्हा कापणं.

जुन्या गंजावर नवा पत्रा झाकून वेल्ड करणारे पुष्कळ भेटतील. दोन पावसाळ्यांत दोन्ही पत्रे जातात. सडका भाग चांगल्या धातूपर्यंत कापायचा, घासलेल्या भागावर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत इपॉक्सी प्राइमर, आणि वेल्डिंग सगळं संपल्यावर पोकळ्यांच्या आत मेणाचा फवारा. दाराच्या तळाची पाण्याची भोकं उघडी आहेत ना, ते शेवटी काडी घालून बघा. पेंटर ती हमखास बुजवतात. टू-के (दोन भाग मिसळून मारायचा) रंग आणि प्राइमरमधला हार्डनर फुप्फुसाला घातक असतो, साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही.

ब्रेक

इंजिन चालू झालं की माणसाला राहवत नाही, गाडी गेटबाहेर जातेच. म्हणून ब्रेक इंजिनच्या आधी.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. इथल्या हवेत उभ्या गाडीत ते काही वर्षांत चहासारखं काळपट होतं आणि व्हील सिलिंडर आतून खड्डे पडून गंजतो. बाहेरून मात्र सगळं कोरडं दिसतं. चारही चाकं काढा, गाडी जॅकवर नव्हे, लोखंडी स्टँडवर ठेवा. ड्रम निघत नसेल तर त्याच्या कडेवर हातोडा मारू नका, बीडाची कड तुटते. आधी हँडब्रेकची केबल सैल करा, ॲडजस्टर मागे घ्या, मधल्या हबभोवती गंजतेल सोडा, रात्रभर थांबा, दुसऱ्या दिवशी लाकडी हातोड्यानं गोल फिरत ठोका. आत बसलेली धूळ कंप्रेसरनं उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टस असतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडर उघडल्यावर आत बोट फिरवा. नखाला खड्डा लागला तर नुसतं रबर किट टाकून काम होत नाही. पॉलिश पेपरनं खड्डा जात नाही, फक्त भोक मोठं होतं आणि महिन्याभरात चाकाच्या आतल्या बाजूनं ऑइल गळू लागतं. सिलिंडर नवा घ्या, किंवा आत स्लीव्ह (नवी नळी) बसवून घ्या. रबराचे भाग पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांपैकी कशानंही धुवायचे नाहीत. रबर फुगतं आणि पिस्टन अडकतो. ब्रेक ऑइलमध्येच धुवायचं.

सगळ्यात फसवा भाग म्हणजे रबरी होजपाइप. बाहेरून तडा नसतो, पण आतलं रबर फुगून वाट अरुंद होते. पाय दाबला की दाबानं ऑइल पुढे जातं, पाय काढला की मागे येत नाही. चाक धरून राहतं, ड्रम तापतो, आणि मेकॅनिक शू ॲडजस्ट करत बसतो. तपासण्याची रीत सोपी आहे: ब्रेक दाबून सोडल्यावर चाक फिरत नसेल तर ब्लीडर स्क्रू (चाकाजवळचा, ऑइल आणि हवा सोडायचा) जरासा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर होज गेला. होज स्वस्त असतात, सगळे एकदम बदलावेत. लोखंडी पाइप क्लिपांच्या खाली गंजतात, क्लिप काढून बघा.

मास्टर सिलिंडर झाल्यावर नवं डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल भरा, साधारण एक लिटर हाताशी ठेवा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक म्हणजे मागचं डावं. हवा काढायला तिथून सुरुवात, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. जुनं ऑइल पूर्ण जाऊन स्वच्छ यायला लागेपर्यंत सोडत राहा. पेडल स्पंजसारखं लागलं तर हवा आहे, हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टरचं रबर. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.

टाकी

जुनं पेट्रोल डिंकासारखं होतं, त्याला व्हार्निशचा वास येतो. टाकी रिकामी करा आणि गाडीतून उतरवा. उतरवल्याशिवाय स्वच्छ होते असं सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका. आत मूठभर नट आणि एक साखळी टाकून हलवा, सुटा गंज काढा. मग सायट्रिक ॲसिड, किराण्याच्या दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं ते. लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे 38 लिटरच्या टाकीला सुमारे दोन किलो, गरम पाण्यात. टाकी काठोकाठ भरा, नाहीतर पाण्याच्या रेषेवर नवा गंज येतो. 12 ते 24 तासांनी रिकामी करून खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच उन्हात किंवा ब्लोअरनं कोरडी करा. कोरडी झाल्यावर थोडं पेट्रोल किंवा पातळ तेल आत फिरवून घ्या, नाहीतर दुसऱ्याच दिवशी आत पिवळी पूड असते. भोक असेल तर पेट्रोल गेलेल्या टाकीला वेल्डिंगची ज्योत कुणी लावू नये. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते. झाळकाम करणाऱ्याकडून, आधी पाण्यानं धुऊन मगच.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं असतं. जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा त्यात मऊ पडतो. इथेनॉलला टिकणारी नळी घ्या. पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किट पहिल्याच वेळी बदला, जुना पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालवू नका. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालायची सवय सोडा. क्लीनरमध्ये भिजवून हवा मारा. भोकाचं माप बिघडलं की गाडी कायम काळा धूर सोडते. आणि गाडी पुन्हा तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. अर्ध्या टाकीतल्या हवेतली ओल इथेनॉल ओढून घेतो.

इंजिन फिरवणं

बॅटरी लावून स्टार्टर मारणं ही सगळ्यात महागडी चूक. रिंग सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर रिंग तुटते. व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून 15 मिली सोडा, तीन दिवस तसंच. जवळ विडी-सिगारेट नको. दरम्यान वरचं झाकण काढून रॉकरवर तेल टाका. चौथ्या दिवशी हँडलनं किंवा क्रँकच्या पुलीवरच्या बोल्टवर पाना लावून अगदी थोडं पुढे, थोडं मागे. झटका नको, लांब पाइप लावून जोर नको. हललं की पूर्ण दोन फेरे हातानं द्या आणि आठही व्हॉल्व्ह वर येतात ना ते डोळ्यांनी बघा. एखादा खाली राहिला तर तिथे तेल टाकून लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोका. आठवडाभरात हललंच नाही तर हेड उघडावं लागेल, आणि मग बोअर, क्रँक ग्राइंडिंग यांसाठी बेळगाव किंवा कोल्हापूरच्या वर्कशॉपचा विचार करा.

क्लच प्लेटही फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. पेडल दाबून लाकडी दांड्यानं तसंच अडकवून ठेवा, बरेचदा एक-दोन दिवसांत सुटते.

जुनं ऑइल काढा. ते दुधाळ असेल तर पाणी आहे, चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवून गाळ साफ करा. नवं 20 डब्ल्यू 40 किंवा 20 डब्ल्यू 50 मिनरल, खुणेपर्यंत. महागडं सिंथेटिक इथे गळतं, फायदा नाही. गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात म्हणून जीएल-4 दर्जाचं गिअर ऑइल, डिफरन्शियलला ईपी 90 गिअर ऑइल. रेडिएटर उलट्या दिशेनं धुवा, ब्लॉकवरचे गोल पत्र्याचे प्लग टोकरून बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी घालू नका. कूलंट आणि बॅटरीचं पाणी.

वीज

उंदरांनी वायरी कुरतडलेल्याच असतात. बॅटरी थेट जोडण्याआधी निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्या मध्ये 12 व्होल्टचा 21 वॅटचा बल्ब जोडा, सगळे स्विच बंद, दारं बंद. बल्ब पूर्ण उजळला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक फ्यूज काढत जा, बल्ब ज्या फ्यूजला विझतो त्या वायरीत दोष. बल्बच्या जागी नुसती वायर असती तर हार्नेस (वायरींचा सगळा जुडगा) जळला असता. मॉरिस, ऑस्टिनसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) असू शकतं, बॅटरी लावण्याआधी बघून घ्या. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा. इथे निम्मे विजेचे त्रास त्या दोन बोल्टांखालच्या हिरव्या थरात असतात.

पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले ठिणगीसाठी उघड-मीट करणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरनं घासून पेट्रोलच्या कापडानं पुसा, मधली फट फिलर गेजनं 0.4 ते 0.5 मिलिमीटर. कंडेन्सर सरळ नवा. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत आतून काळी केसासारखी रेघ दिसली तर टोपी बाद. ठिणगी निळी हवी, पिवळी नको.

पहिला स्टार्ट

प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा. पेट्रोल जुन्या टाकीतून नव्हे, सायलेन्सरपासून लांब ठेवलेल्या स्वच्छ धातूच्या डब्यातून. आग विझवायचं सिलिंडर हाताशी, इंजिनवर नव्हे तर बाजूला. इंजिन लागलं की रेस करू नका. सुरुवातीचा निळा धूर सिलिंडरमध्ये ओतलेल्या तेलाचा, पंधरा-वीस मिनिटांत जातो. पांढरा गोडसर वासाचा धूर जात नसेल तर हेड गॅस्केट. गरम झाल्यावर कंप्रेशन मोजा. चारही सिलिंडर एकमेकांच्या 10-15 टक्क्यांत असतील तर इंजिन उघडू नका, चालवा. बऱ्याच रिंगा दोन-तीनशे किलोमीटरमध्ये आपोआप मोकळ्या होतात.

टायरची नक्षी शाबूत असली तरी जुने टायर नकोत. कडेवरचा निर्मितीचा कोड बघा, तीन आकडी असेल तर 2000 पूर्वीचा. मूळ माप 5.20-14. एकाच ॲक्सलवर क्रॉसप्लाय (जुन्या विणीचे) आणि रेडियल टायर मिसळू नका. पार्टसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं आणि कुर्ल्याची भंगार लाइन. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्यामुळे पुढच्या दोन वर्षांची किटं, पॉइंट आणि होज एकदम घेऊन कोरड्या डब्यात ठेवलेली बरी.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, 40 च्या वर नाही, पाच किलोमीटर. परत आल्यावर चारही ड्रम हातानं चाचपा. एकच तापलेला असेल तर ते चाक पुन्हा उघडा. 50 किलोमीटरला ऑइल बदला, 500 ला पुन्हा. घाट उतरायचा असेल तर ब्रेकचं पेडल आठवडाभर एकाच उंचीवर राहिल्यावरच.